असेंब्लीच बदलावी लागेल!

वालूरमध्ये कुणी म्हणालं की माझ्या गाडीचा हिटर बिघडलाय, तर ऐकणारा आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहील.

त्याचं काही चुकत नाही. परभणी जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४४ अंशांवर मुक्कामाला असतो. इथं उष्णता विकत घ्यावी लागत नाही, पत्र्यातून फुकट गळते. टँकर पाण्याचा लागतो, उन्हाचा नाही.

पण हाच जिल्हा डिसेंबरात काय करतो, तेही विसरू नका. डिसेंबर २०१८मध्ये परभणीच्या कृषी विद्यापीठात २ अंश सेल्सिअसची नोंद झाली. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आपण इतकी वर्षं गमतीनं वापरत होतो. हवामानानं ती मनावर घेतली.

तर अशा थंडीत, पहाटे पाचला, वालूरहून सेलूची रेल्वे गाठायला निघालेली गाडी डोळ्यांसमोर आणा. आत सहा माणसं. गाडी पाच जणांची, हे सांगायला नकोच. बाहेर धुकं, काचा बंद, सहा जणांचा श्वास. थोड्याच वेळात समोरची काच आतून दुधाळ.

ड्रायव्हर रुमालानं पुसतो. काच पुन्हा दुधाळ. शेजारचे मामा उपरण्यानं पुसतात. पुन्हा दुधाळ. मागून मावशींचा सल्ला येतो, "बाजूची काच जराशी खाली घे रे बाबा." काच खाली. आता रस्ता दिसतो, पण कान राहिलेत की गेले ते कळत नाही.

आणि याच कामासाठी कंपनीनं डॅशबोर्डवर एक बटण दिलेलं असतं. पुढच्या काचेवर हवा सोडायचं. गाडी घरी आली त्या दिवशी ते दाबलं गेलं होतं. चुकून.

हिटर लावा आणि सोबत एसीही लावा, असं कुणी सुचवलं तर गाडीत हशा पिकतो. थंडीत एसी? लावा हो! एसी हवेतली ओल काढून घेतो, हिटर त्या कोरड्या हवेला ऊब देतो आणि काच बघता बघता साफ होते. हिटरची ऊब तर फुकटचीच. इंजिनच्या गरम पाण्यातून आलेली, एरवी रेडिएटरमधून वाऱ्यावर जाणारी. फुकट मिळणारी एवढी एकच गोष्ट गाडीत आहे आणि ती आपण घेत नाही!

त्यात आतलीच हवा आत फिरवायचं बटण आपण बारा महिने दाबून ठेवलेलं. बाहेर धूळ आहे ना! मग सहा जणांचा श्वास सहा जणांनाच परत. तंबाखूच्या वासासकट.

शेवटी एखादा शिकलेला भाचा पुढे वाकतो. बटण दाबतो, ब्लोअरचा नॉब फिरवतो. एक. दोन. तीन. चार.

काही नाही.

ब्लोअरची मोटर गेलेली असते. कधी गेली? ते तिलाच माहीत. मार्च ते जून ती चार नंबरवर पळाली, पावसाळ्यात कुरकुरली, दसऱ्याला किंचाळली. त्यावर आपण उपायही केला होता. गाण्याचा आवाज वाढवला होता.

इथं एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती निम्म्या गाडीमालकांना ठाऊक नसते आणि उरलेल्या निम्म्यांना गॅरेजवाला कळू देत नाही. हिटरची मोटर वेगळी आणि एसीची वेगळी, असं काही नसतं. डॅशबोर्डमागं एक छोटा रेडिएटर असतो, त्यात इंजिनचं गरम पाणी फिरतं. शेजारी एसीची कुलिंग कॉइल. दोन्हींवरून हवा ढकलायला पंखा एकच, मोटर एकच. बारा व्होल्टची, कार्बनवाली. उन्हाळ्यात गार हवा करते, हिवाळ्यात गरम. पक्ष बदलला तरी काम एकच, हवा करणं.

आता गाडी गॅरेजला जाते. मालक तक्रार सांगतो, "एसी गेलाय."

झालं. निम्मी फसवणूक इथंच झाली आणि ती मालकानं स्वतःच केली.

हवा येतच नाही, ही एक तक्रार. हवा येते पण गार नाही, ही दुसरी. पहिलीत संशय मोटरवर, तिच्या वायरिंगवर, फ्यूजवर घ्यायचा. दुसरीत गॅसवर, कॉम्प्रेसरवर. आपण दोन्हींना 'एसी गेला' म्हणतो. मग समोरचाही दोन्हींवर एकच औषध देतो.

"गॅस संपलाय, साहेब."

या देशात गाडीचा गॅस जितका संपतो तितका घरचा सिलिंडरही संपत नाही. काच दुधाळ, गॅस संपलाय. ब्लोअर किंचाळतोय, गॅस संपलाय. एसीचं सर्किट बंदिस्त असतं, गळती असल्याशिवाय गॅस असा वर्षाला उडून जात नाही. मग गळती कुठं आहे, हे आपण विचारतो का? छे. गॅस भरून घेतो आणि गार वाटून घेतो.

बरं, मोटर खरंच गेली की नाही हे पाहायचं कसं? त्याला लॅपटॉप लागत नाही. कान लागतात.

एक-दोन-तीनवर गप्प आणि चारवर सुसाट? मग मोटर ठणठणीत आहे. गेलाय तो रेझिस्टर, गॅरेजच्या भाषेत 'रेझिस्टन्स'. खालच्या नंबरांवर करंट त्याच्यातून अडत अडत मोटरला जातो, म्हणून पंखा हळू फिरतो. चार नंबरवर मध्ये कुणी नसतं, करंट थेट. म्हणून रेझिस्टन्स जळला तरी चार नंबर शाबूत राहतो. मालक काय करतो? उरलेला उन्हाळा चारवर काढतो. 'चालतंय ना!'

नॉब फिरवला की काही नाही, पण डॅशबोर्डखाली गुद्दा मारला की सुरू? कार्बन झिजलेत. आतल्या कार्बनचा कम्युटेटरला नीट स्पर्श होत नाही, गुद्द्यानं तो तेवढ्यापुरता होतो. काही घरांत हा गुद्दा मारायचा मान ठरलेल्या माणसाचा असतो. तो नसला की गाडी बाहेर काढत नाहीत.

किर्र आवाज? बुश कोरडे पडलेत. फडफड आवाज? मग मोटरवर आळ घेण्याआधी गाडी कुठं उभी असते ते बघा.

गाडी उभी असते कडुनिंबाखाली. सावली हवी ना! पुढच्या काचेच्या खाली, बॉनेटच्या कडेला एक जाळी असते, बाहेरची हवा तिथूनच आत जाते. पानगळीत कडुनिंबाची काडी अन् काडी त्या जाळीवर साचते आणि सुकून चुरा झाली की आत उतरते. शिवाय कापसाच्या दिवसांत हवेत उडणारी रुई. शिवाय रस्त्याची धूळ. रस्त्याबद्दल जास्त लिहीत नाही, निविदा निघालीय म्हणे.

आणि उंदीर. सुगीनंतर शेतातला उंदीर घराकडं वळतो आणि घरात मांजर असली की गाडीकडं. ब्लोअरचं घर त्याला फार आवडतं. कोरडं, बंद, उबदार. भुईमुगाची टरफलं, चिंध्या, रुई, असा साग्रसंगीत संसार. नॉब फिरवला की संसाराचा धुरळा थेट मावशींच्या तोंडावर. गाडीत तो वास आठवडाभर दरवळतो. त्यावर आपण लिंबाच्या वासाची बाटली आणून लावतो. उंदराला लिंबाचं वावडं नाही.

तुम्ही म्हणाल, फिल्टर असतो ना? असतो, ज्याच्या गाडीत असतो त्याच्या. कित्येक स्वस्त मॉडेलांत कंपनी फिल्टरची खाच देते, फिल्टर देत नाही. आणि ज्यांना दिलाय त्यांनी तो कधी काढून पाहिलाय? फिल्टर गच्च झाला की वाऱ्याची वाट बंद होते. मग 'चारवर ठेवला तरी हवा कमी येते' म्हणून नव्या मोटरची चौकशी सुरू. चाळीशीचा दोष डोळ्याला, आणि इथं तर चष्माच पुसलेला नाही.

आता खरी मेख ऐका. रेझिस्टन्स जळला, आपण नवा टाकला. दोन महिन्यांत तोही जळला. मालक चिडला, "डुप्लिकेट माल दिला!" दुकानदारानं शपथ घेतली. दुसऱ्या दुकानातून तिसरा आणला. तोही गेला.

रेझिस्टन्स बिचारा मरत नव्हता, मारला जात होता. मोटरचे बुश जाम झाले की ती जड फिरते, जड फिरली की जास्त करंट ओढते, आणि तो सगळा भार रेझिस्टन्स आणि कनेक्टर सोसतात. कनेक्टरचं प्लास्टिक वितळून तपकिरी झालेलं दिसलं तर समजा, खुनी आत बसलाय. इथं मोटर खरोखर बदलायला हवी असते. आणि नेमकं इथंच मालक म्हणतो, "मोटर तर फिरते ना? मग रेझिस्टन्सच टाक."

म्हणजे जिथं बदलायची नाही तिथं बदलतो, आणि बदलायची तिथं वाचवतो. याला व्यवहारज्ञान म्हणतात. गावात त्यालाच मान असतो.

वास्तविक क्लॅम्प मीटर लावून मोटर किती अँपिअर ओढते ते बघितलं की पाच मिनिटांत निकाल लागतो. पण मीटर गॅरेजच्या टेबलावर असतं, आणि टेबलावर चहा.

दुसरीकडं वायरमनमधले 'कलाकार'. त्यांच्याबद्दल फार गहिवर येतो काहींना. गावाकडचं डोकं, जुगाड वगैरे. ब्लोअरचा फ्यूज सारखा उडतो म्हटल्यावर हा कलाकार काय करतो? फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालतो. ब्लोअर चालू! मालक खूश! फ्यूज उडतो तो वायरिंग वाचवायला. तार घातली की वायरिंग फ्यूज होते. वायरिंगनंही दम सोडला नाही, तर मग पूर्ण गाडी फ्यूज होते. विम्याचा सर्व्हेअर येतो आणि तार बघून हसतो.

दुसरा कलाकार मोटर खोलून साफ करतो आणि बसवताना वायरी उलट्या जोडतो. मोटर उलटी फिरते. गंमत अशी की या गोल पिंजऱ्यासारख्या पंख्यातून उलटं फिरूनही हवा पुढंच येते. फक्त फार कमी. मालकाला वाटतं ब्लोअर चालू झाला, पण जोर नाही, गारवा नाही. तो परत येतो.

"गॅस संपलाय, साहेब."

खरं तर बहुतेक छोट्या गाड्यांत हे काम किरकोळ आहे. डाव्या सीटसमोरचा कप्पा काढायचा. त्यातली विम्याची जुनी कागदं, गोळ्यांची पाकिटं, लग्नपत्रिका बाजूला ठेवायच्या, याला सगळ्यात जास्त वेळ लागतो. मग खाली वाकायचं, कनेक्टर काढायचा, तीन स्क्रू सोडवायचे, मोटर हातात. बॅटरीवरून थेट दोन वायरी लावून बघायची. फिरली तर दोष बाहेर, नाही फिरली तर दोष आत. काही मॉडेलांत मात्र कंपनीनं अशी जागा शोधलीय की अख्खा डॅशबोर्ड उतरवल्याशिवाय मोटर दिसत नाही. त्या इंजिनिअरला एकदा ती स्वतः बदलायला लावावी. मे महिन्यात. वालूरच्या बसस्टँडसमोर.

आता मला सगळ्यात जास्त छळणाऱ्या गोष्टीवर येतो.

वालूरमध्ये 'मोटर जळाली' असा निरोप आला की माणसं गाडीकडं बघत नाहीत, विहिरीकडं पळतात. शेतातली पाण्याची मोटर. व्होल्टेज कमी आलं, रात्रपाळीची लाइट आली-गेली, एक फेज उडाला, मोटर जळाली. ती काढायची, रिवाइंडिंगच्या दुकानात न्यायची, तांब्याची तार नवी भरायची, परत सोडायची. सेलू, मानवत, जिंतूर, कुठंही जा, रिवाइंडिंगवाला सापडतोच. शेतकरी तिथं उभा राहून तांब्याचा तोळा अन् तोळा मोजून घेतो. जुनी तार परत मागतो. बुश कोणते टाकले ते डोळ्यांनी बघतो. एकच मोटर जन्मात किती वेळा भरली, ते बापाच्या आठवणीतून सांगतो.

हाच माणूस गाडीचा ब्लोअर बंद पडल्यावर काय म्हणतो?

"मिस्त्री, जुनं काही नको. नवीनच टाका. कंपनीची."

काय झालं मधल्या मध्ये? विहिरीच्या मोटरवर घर चालतं म्हणून ती दुरुस्त करायची. गाडीच्या मोटरवर काहीच चालत नाही म्हणून ती नवी आणायची! कार्बनची जोडी किरकोळ पैशांत मिळते, बुशही मिळतात, तासाभराचं काम. पण गाडीत 'रिपेर केलेला पार्ट' आहे, हे सोयऱ्यांना कळलं तर? सोयऱ्यांना ब्लोअर म्हणजे काय हे माहीत नाही, ही वेगळी गोष्ट.

मिस्त्रीही शहाणा आहे. तो कशाला खोलेल? खोलून कार्बन बदलले आणि महिन्यानं काही झालं, तर मालक चारचौघांत त्याचं नाव घेणार. नवीन टाकली आणि महिन्यानं गेली, तर कंपनीचं नाव घेणार. दुरुस्तीला मजुरी कमी, जबाबदारी जास्त. बदलण्याला जबाबदारी कमी, कमिशन जास्त. तुम्ही त्याच्या जागी असतात तर पान्हा कुठल्या बाजूला फिरवला असता?

आणि मोठ्या सर्व्हिस सेंटरचं तर काही विचारूच नका. तिथं वातानुकूलित काचेमागं कॉफी मिळते आणि टॅबलेटवर बोट फिरवत एक तरुण गोड आवाजात सांगतो, "सर, असेंब्लीच बदलावी लागेल." मोटर सुटी येत नाही का? "सर, असेंब्लीच येते." पंखा चांगला आहे हो! "सर, असेंब्ली." माणूस गेला तरी डॉक्टर एवढ्या ठामपणे सांगत नाहीत.

जुनी मोटर परत मागा. चेहरा बघा त्याचा.

वॉरंटीत असलेली गाडी बाहेर खोलली तर वॉरंटी जाईल, ही धमकी ऐकली असेलच. ही धमकी जुनीच आहे. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. गुन्हा काय? अस्सल सुटे भाग खुल्या बाजारात येऊ द्यायचे नाहीत, दोष शोधायची उपकरणं बाहेरच्या मिस्त्रीला द्यायची नाहीत, आणि ग्राहकाला आपल्याच दारात उभं करायचं. आयोगानं नुसता दंड नाही केला, हे बंद करा असंही सांगितलं.

मग? कंपन्या अपिलात गेल्या. कोर्टात गेल्या. एवढा मोठा आकडा छापून आला, की वाचणाऱ्याला वाटलं न्याय झाला. आकड्याचा तोच उपयोग असतो.

पुढं डिसेंबर २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं. दुरुस्तीचा हक्क! शेती अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि गाड्या, चारही त्यात. आपला हक्क आहे, हे वाचून बरं वाटलं. वालूरच्या मिस्त्रीला विचारा, हक्क मिळाला का? तो म्हणेल, हक्काचं माहीत नाही, मालक, कनेक्टर कुठं मिळतो ते सांगा.

२२ सप्टेंबर २०२५ला आणखी एक आनंद झाला. गाडीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला. शंभरामागं दहा रुपये कर कमी! काउंटरवर विचारून बघा. कर वाढला की दुकानातला जुना माल त्याच रात्री महाग होतो. कर उतरला की जुना माल जुनाच राहतो. "नवा लॉट येऊ द्या." हा नवा लॉट कुठल्या गाडीनं निघालाय देव जाणे, बहुतेक ब्लोअर बंद असलेल्या.

डुप्लिकेटबद्दलही दोन शब्द. 'दिल्लीचा माल' म्हटलं की आपण नाक मुरडतो. काश्मिरी गेटचा बाजार आशियातल्या मोठ्या सुट्या भागांच्या बाजारांत मोडतो, तिथं अस्सलही मिळतं आणि नक्कलही, आणि दोन्ही एकाच दुकानात मिळतात. बॉक्सवर होलोग्राम चमकतो. पण मोटर बॉक्सवर चालत नाही. हातात घेऊन वजन बघा, पिंजरा बोटानं फिरवा, डगमगतो का बघा. भाजीवाल्याकडं वांगं तीनदा दाबून बघणारा माणूस स्पेअरच्या दुकानात हात मागं बांधून उभा राहतो. का?

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असंही एक वचन आपल्या जिल्ह्याच्या नावावर आहे. बाहेरच्यांनी टोमणा म्हणून केलं असेल. पण दुरुस्ती करणाऱ्याला याहून चांगलं बोधवाक्य कुठं मिळणार? करून तर बघा. नाहीच झालं, तर परभणीला स्पेअरचं दुकान आहेच.

आणि वालूरनं हे करून दाखवलेलं आहे. गाडीत नाही, जमिनीत. गावातली चक्राकार बारव आठवा. पायऱ्या गोल गोल फिरत तळाला नेतात, अशी बांधणी महाराष्ट्रात शोधून सापडायची नाही. तिच्यात गाळ भरला, कचरा पडला, झाडं उगवली. तिच्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर शेकडो वर्षांपूर्वी बंद झालेलं. सुटा भाग मिळत नाही, मॅन्युअल नाही, टोल फ्री नंबर नाही. तरी गावकरी खाली उतरले, पाट्या भरभरून गाळ उपसला आणि पायऱ्या मोकळ्या केल्या. आज लोक लांबून ती बघायला येतात. येताना काच दुधाळ झालेली असते, ते सोडा.

तिथं कुणी म्हणालं नाही, असेंब्लीच बदला.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी एवढ्यात हसू नये. तुमच्याकडं इंजिन नाही, म्हणजे फुकटचं गरम पाणीही नाही. हिटर लावला की तो बॅटरी खातो आणि रेंज घटते. परभणीच्या दोन अंशांत एक तर पाय गरम ठेवा नाही तर सेलू गाठा. आणि ब्लोअरची मोटर तुमच्याही डॅशबोर्डमागं आहेच. कडुनिंबही तोच.

दरम्यान, दिल्लीनं मालवाहू गाड्यांच्या ड्रायव्हरांची दखल घेतली. १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालट्रकांची केबिन वातानुकूलित असणं सक्तीचं झालं. उत्तम निर्णय, उपरोध नाही. तापलेल्या इंजिनवर बसून दिवसभर गाडी हाकणाऱ्याला गार वारा मिळायलाच हवा होता, तो फार आधी मिळायला हवा होता. म्हणजे आता देशभर नव्या ट्रकांत नव्या ब्लोअरच्या मोटरा. काही वर्षांनी त्या सगळ्या कुरकुरू लागतील. गॅस भरणाऱ्यांना आगाऊ शुभेच्छा.

फक्त आपल्याकडचा कापूस जिनिंगला नेणारी पिकअप साडेतीन टनांच्या आतली. नियमाच्या लेखी तिचा ड्रायव्हर तापत नाही. त्यानं केबिनमध्ये बारा व्होल्टचा एक छोटा पंखा स्क्रूनं ठोकलाय. अडला की जाळीवर टिचकी मारतो, तो फिरायला लागतो. थंडीत तोच पंखा वर वळवतो, काचेकडं. धुकं जातं, सेलू दिसतं.

त्याला अजून कुणी गॅस भरायला सांगितलेलं नाही.